मूर्ती ओळखताना चेहरा शेवटी, हात आधी

देवळात शिरलो की नजर आधी देवाच्या चेहऱ्यावर जाते. दर्शनापुरते ते योग्यच. पण मूर्ती कुणाची आहे हे ठरवायचे असेल, तर चेहरा फारसे काही सांगत नाही. चालुक्य-यादव काळातल्या दगडी मूर्तींत विष्णू, सूर्य, उमेला मांडीवर घेतलेला शिव यांचे चेहरे जवळपास सारखेच असतात. अर्धे मिटलेले डोळे, भरलेले गाल, ओठांवर किंचित हसू. घडवणाऱ्याने फरक ठेवला तो हातांत, पायांत, मुकुटात आणि पायाशी कोरलेल्या छोट्याशा प्राण्यात.

म्हणून वाचण्याचा क्रम असा ठेवावा. हात किती ते मोजा. प्रत्येक हातात काय आहे ते पाहा. मूर्ती उभी आहे की बसलेली, पाय सरळ आहेत की वाकलेले, हे बघा. मग पीठावरचे वाहन, मग डोक्यावरचा मुकुट किंवा जटा, मग मागची प्रभावळ. चेहरा सगळ्यात शेवटी. मूर्ती घडवतानाही डोळे उघडण्याचा विधी, नेत्रोन्मीलन, बाकी सगळे काम संपल्यावरच होतो.

सोलापूरकरांना हे शिकायला लांब जावे लागत नाही. गावात सिद्धेश्वर, पश्चिमेला पंढरपूरचा विठ्ठल, उत्तरेला तुळजापूरची भवानी, दक्षिणेला भीमा-सीनेच्या संगमावरचे हत्तरसंग कुडल. एवढ्या टापूत लिंगापासून अष्टभुजेपर्यंत जवळपास सगळे प्रकार येतात.

उजवा म्हणजे देवाचा उजवा

पहिली चूक इथेच होते. पुस्तकात ‘उजव्या हातात चक्र’ असे वाचायचे आणि आपल्या उजवीकडे बघायचे. मूर्तिशास्त्रात उजवे-डावे नेहमी देवाचे असते, बघणाऱ्याचे नाही. मूर्ती आपल्याकडे तोंड करून असल्याने देवाचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. गणपतीची सोंड उजवी की डावी हा दर भाद्रपदातला वादही असाच सोडवायचा. आधी देवाचे उजवे-डावे ठरवा, मग सोंडेचे पहिले मोठे वळण कुठे जाते ते बघा. टोक कुठे येऊन थांबले ते धरू नका, कारण डाव्या सोंडेचे टोकही पुष्कळदा परत मध्यावर आणलेले असते.

चार हातांच्या मूर्तीत मोजणी उजव्या खालच्या हातापासून करतात. उजवा खालचा, उजवा वरचा, डावा वरचा, डावा खालचा. म्हणजे देवाच्या अंगाने प्रदक्षिणेसारखे फिरायचे. हा क्रम कुठे लागतो, ते विष्णूपाशी कळते.

संध्येला किंवा कुठल्याही पूजेच्या सुरुवातीला आचमन करताना ‘केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः, गोविंदाय नमः’ म्हणतात. अशी एकूण २४ नावे आहेत आणि शास्त्राप्रमाणे त्या २४ नावांच्या २४ वेगवेगळ्या मूर्ती आहेत. आयुधे मात्र चारच: शंख, चक्र, गदा, पद्म. चार हात आणि चार वस्तू यांच्या मांडण्या नेमक्या २४ होतात. म्हणून उभा, चतुर्भुज, शंख-चक्र-गदा-पद्म घेतलेला देव दिसला की ‘विष्णू’ म्हणून थांबायचे नाही, क्रम लावायचा.

उजव्या खालच्या हातापासून पद्म, शंख, चक्र, गदा असेल तर तो केशव. शंख, पद्म, गदा, चक्र असेल तर नारायण. गदा, चक्र, शंख, पद्म म्हणजे माधव. चक्र, गदा, पद्म, शंख म्हणजे गोविंद. पद्म, गदा, चक्र, शंख म्हणजे त्रिविक्रम. ग्रंथाग्रंथांत काही नावांच्या बाबतीत फरक आहे, त्यामुळे कुठल्या परंपरेने नाव दिले ते सांगावे लागते. पण पद्धत सगळीकडे हीच.

आता यातली आजची गोची. फोनवरून आलेला किंवा छापताना उलटा झालेला फोटो. केशवाचा फोटो आरशासारखा उलटला की पद्म डाव्या खालच्या हातात जाते, गदा उजव्या खालच्या हातात येते, आणि मूर्ती माधवाची होते! नारायणाचा फोटो उलटला की गोविंद होतो. फोटो बनावट नसतो, पण देव बदललेला असतो. त्यामुळे फोटोवरून नाव देण्याआधी त्यात कुठे अक्षरे, घड्याळ किंवा देवळाचा ओळखीचा कोपरा दिसतो का ते पाहून फोटो सुलटा आहे याची खात्री करावी.

हात तुटलेले असतील तर? बहुतेक जुन्या मूर्तींत ते तुटलेलेच असतात. तेव्हा खुणा शोधायच्या. वरच्या हातातले चक्र किंवा शंख खांद्यापाशी मागच्या शिळेला टेकवून कोरलेले असतात. हात गेला तरी मागे त्याचा गोल ठसा उरतो. गदा खाली टेकलेली असते, तिचे टोक पीठावर शिल्लक राहते. पायाशी हात जोडलेला, पंख असलेला गरुड असेल, प्रभावळीवर मत्स्य-कूर्मापासून दहा अवतार कोरलेले असतील, तर देव विष्णूच. फक्त २४ पैकी कुठला, ते सांगता येणार नाही. तिथे ‘विष्णू’ एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे.

सूर्याची मूर्ती झिजली की ती हमखास विष्णू म्हणून पुजली जाते. फरक सोपा आहे. सूर्याच्या दोन्ही हातांत खांद्याच्या उंचीवर फुललेली कमळे असतात, पीठावर सात घोडे असतात आणि पुष्कळ मूर्तींत पायांत गुडघ्यापर्यंत बूट असतात. हिंदू मूर्तींत बूट घातलेला देव जवळपास हाच एक. पायाची बोटे दिसत नाहीत असे वाटले तर पोटऱ्यांकडे नीट बघा.

विठ्ठल कुठल्याच कोष्टकात बसत नाही

पंढरपूरच्या मूर्तीला हे चोवीसचे गणित लावायला गेलात तर अडाल, कारण तिला दोनच हात आहेत. दोन्ही कमरेवर. डाव्या हातात शंख, उजव्यात कमळाचा देठ. पाय जुळवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, विटेवर उभा. या उभे राहण्याला समपाद किंवा समभंग म्हणतात. शरीर डोक्यापासून टाचेपर्यंत एका सरळ रेषेत, कुठेही बाक नाही. बासरी वाजवणाऱ्या कृष्णाची मूर्ती मान, कंबर आणि गुडघा अशी तीन ठिकाणी वाकते, तो त्रिभंग. किंचित एकच बाक असेल तर आभंग. युद्धातल्या किंवा तांडवातल्या मूर्तीचा जोरकस बाक म्हणजे अतिभंग.

विठ्ठलाच्या डोक्यावरचा उंच, टोकाकडे निमुळता मुकुट वारकरी परंपरेत शिवलिंग मानला जातो. विष्णूने शिवाला माथ्यावर धारण केले, हा त्याचा अर्थ. मूर्तीच्या अभ्यासकांत त्यावर मतभेद आहेत, पण ज्या जिल्ह्यात शैव-वीरशैव आणि वारकरी शेजारी-शेजारी नांदतात तिथे हा अर्थ रुजला यात नवल नाही. कानात मकरकुंडले आहेत. भाविक त्यांना मासे म्हणतात, शास्त्रात ती मकराची. रोज दूध-दही-मधाचे अभिषेक आणि लाखो हातांचा पदस्पर्श यांनी दगड झिजतो, म्हणून या मूर्तीला वज्रलेप, म्हणजे दगडाला बळकटी देणारा लेप, केला गेला आहे. दही आणि लिंबाच्या रसातले आम्ल दगडाचा पृष्ठभाग हळूहळू खाते. जिथे रोजचे स्नान उत्सवमूर्तीला आणि मूळ मूर्तीला फक्त पर्वणीला, तिथली शिल्पे जास्त टिकलेली दिसतात ती यामुळे.

रूप नसलेला देव

सिद्धेश्वरांच्या गावात लिंगाबद्दल न बोलता पुढे जाता येणार नाही. आपल्याला दिसते ती गोल पिंडी आणि तिच्याभोवतीची शाळुंका. घडीव लिंग मात्र तीन भागांचे असते. सगळ्यात खालचा चौकोनी, तो ब्रह्मभाग. मधला अष्टकोनी, तो विष्णुभाग. वरचा गोल, तो रुद्रभाग. पहिले दोन जमिनीत आणि शाळुंकेत गाडलेले असतात. शेतात किंवा जुन्या देवळाच्या ढिगाऱ्यात खाली चौकोनी आणि मध्ये अष्टकोनी असा खांबासारखा दगड सापडला आणि त्याचे वरचे टोक गोलाई घेतलेले असेल, तर तो खांब नसून उखडलेले लिंग असण्याची शक्यता मोठी. शाळुंकेची पन्हळ, जिथून अभिषेकाचे पाणी बाहेर पडते, ती साधारणपणे उत्तरेकडे असते. जुन्या पडक्या देवळात दिशा चुकल्यासारखी वाटली तर शाळुंका नंतर कधीतरी हलवली असावी असा संशय घ्यायला जागा आहे.

सोलापुरात बाराव्या शतकातल्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी, म्हणजेच सिद्धेश्वरांनी, गावाभोवती ६८ लिंगे स्थापल्याची परंपरा आहे. शिवाची ६८ तीर्थे मोजण्याची पद्धत जुनी. ती सगळी या गावाच्या परिघात आणून ठेवली, असा त्याचा अर्थ. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेत, भोगीला या लिंगांना तैलाभिषेक होतो, संक्रांतीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. कुंभारकन्येचा विवाह सिद्धरामेश्वरांशी नव्हे, त्यांच्या योगदंडाशी लागला, ही त्यामागची कथा. मिरवणुकीत जे सात नंदीध्वज निघतात, ते उंच, सजवलेल्या काठ्यांचे. त्यांना चेहरा नाही, हात नाहीत. तरी बाशिंग बांधून त्यांचे लग्न लागते आणि हजारो लोक अक्षता टाकतात. देवाचे चित्रण म्हटले की आपण मूर्ती समजतो. पण काठी, लिंग, शाळिग्राम, पादुका, कलश ही देखील चित्रणेच, आणि त्यांचे नियम मूर्तीइतकेच काटेकोर असतात.

लिंग आणि मूर्ती यांच्या मधला टप्पा म्हणजे मुखलिंग, मुखे कोरलेले लिंग. पंचमुखी शिवाच्या पाच मुखांना दिशा ठरलेल्या आहेत: पूर्वेला तत्पुरुष, दक्षिणेला अघोर, पश्चिमेला सद्योजात, उत्तरेला वामदेव, आणि वर ईशान. लिंगावर चारच मुखे कोरलेली दिसली म्हणून ते अपुरे ठरत नाही. पाचवे वरचे, ते कोरत नाहीत, माथाच ईशान मानतात. अघोर मुख ओळखणे सोपे: बाकी शांत, हे एकटे उग्र.

हत्तरसंग कुडलला मात्र हा हिशेब पार मोडतो. तिथल्या हरिहरेश्वर मंदिरात सापडलेल्या बहुमुखी शिवलिंगावर ३५९ मुखे आहेत, आणि लिंग स्वतः धरून ३६० मोजतात. असे लिंग दुर्मीळ. शेजारच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी शिलालेख आहे, त्यासाठी लोक तिथे जातात आणि लिंगाकडे घाईने बघून परततात. उलट करावे. लिंगापाशी वेळ घालवावा. बाजूने उजेड पडला की ओळीने कोरलेली मुखे सुटी दिसू लागतात.

हरिहर हे नाव तिथे आलेच आहे, तर ती मूर्तीही सांगून टाकू. एकाच देहात उजवा अर्धा शिव आणि डावा अर्धा विष्णू. उजवीकडे जटा, त्रिशूळ. डावीकडे किरीट, शंख किंवा चक्र. मधोमध उभी रेघ कल्पून दोन्ही बाजू वेगळ्या वाचायच्या. अर्धनारीश्वरातही उजवा अर्धा शिवाचाच, डावा पार्वतीचा.

विणकरांच्या सोलापुरात आणखी एक चित्र घरोघरी दिसते, मार्कंडेयाचे. पद्मशाली समाज मार्कंडेय ऋषींना आपले मूळपुरुष मानतो, नारळी पौर्णिमेला त्यांचा रथ निघतो. चित्रात लिंगाला मिठी मारलेला मुलगा, रेड्यावर बसलेला यम, त्याचा पाश, आणि लिंग फोडून बाहेर आलेला शिव. या चित्रात पाश कुठे पडला आहे ते बघा. जाणकार चित्रकार तो मुलाच्या गळ्यातच नाही तर लिंगाभोवतीही टाकतो. यमाने देवालाच फास टाकला म्हणून शिव चिडला, हे कथेचे मर्म. पाश नुसता मुलाभोवती काढला तर शिवाच्या रागाचे कारणच चित्रातून निघून जाते.

साडीखाली आठ हात

तुळजाभवानी अष्टभुजा महिषासुरमर्दिनी आहे. हातांत त्रिशूळ, बिचवा, बाण, चक्र, शंख, धनुष्य, पानपात्र आणि आठव्यात राक्षसाची शेंडी. पाठीवर बाणांचा भाता. पण दर्शनाला गेलेल्या बहुतेकांना यातले काहीच दिसत नाही. महावस्त्र आणि दागिने यांतून चेहराच तेवढा दिसतो. अभिषेकाच्या वेळी वस्त्रे उतरतात तेव्हाच मूर्तीचे खरे रूप कळते. ही मूर्ती चल आहे, म्हणजे पीठावरून हलवता येते, आणि वर्षातून तीनदा ती मंचकी निद्रेसाठी पलंगावर नेतात.

महिषासुरमर्दिनी वाचताना महिषाकडे बघायचे. काही मूर्तींत पूर्ण रेडा, काहींत माणसाचे धड आणि रेड्याचे डोके, काहींत रेड्याची मान कापलेली आणि त्यातून बाहेर पडणारा माणूस. तिन्ही बरोबर. कथेतला क्षण वेगळा निवडला, एवढाच फरक. हातांची संख्याही चारपासून अठरापर्यंत बदलते. जिथे हात बरेच असतात तिथे मुख्य दोन शोधावेत, एकाने त्रिशूळ खुपसलेला, दुसऱ्याने शेंडी, शेपूट किंवा तोंड धरलेले. बाकीचे हात प्रभावळीसारखे मागे पसरतात.

आणि मग तांदळा. हात नाहीत, पाय नाहीत, नुसता शेंदूर लावलेला वाटोळा दगड आणि त्यावर बसवलेले चांदीचे डोळे. माहूरची रेणुका अशीच मुखरूपाने आहे. इथे ‘हात आधी’ हा नियम संपतो. तांदळा कुणाचा, हे दगड सांगत नाही. ते स्थान, पुजारी आणि वर्षातून कुठल्या दिवशी जत्रा भरते यावरूनच कळते. मूर्तिशास्त्राचे पुस्तक घेऊन तांदळ्यापुढे उभे राहण्यात अर्थ नाही.

घरच्या देव्हाऱ्यातले टाकही वाचता येतात. चांदीच्या किंवा पितळेच्या पातळ पत्र्यावर मागून ठोकून उठाव काढलेला असतो. घोड्यावर स्वार, मागे किंवा शेजारी म्हाळसा, खाली कुत्रा, तो खंडोबा. त्याची आयुधे खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि भंडाऱ्याचे पात्र. कुत्रा बघून लगेच खंडोबा म्हणू नये, भैरवाजवळही कुत्रा असतो. पण भैरव सहसा उभा, हातात कवटी किंवा छाटलेले मुंडके, आणि कुत्रा त्या मुंडक्याकडे तोंड वर करून बघत असतो. घोडा असेल तर खंडोबा, मुंडके असेल तर भैरव. टाक वर्षानुवर्षे राख-चिंचेने घासून इतके गुळगुळीत होतात की शेवटी नुसता उंचवटा उरतो. घासण्यापेक्षा साध्या कोमट पाण्याने आणि मऊ कापडाने पुसले तर नक्षी पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

तीन तोंडांच्या मूर्तींबद्दल दोन वाक्ये, कारण गाणगापूर-अक्कलकोटच्या वाटेवरच्या आपल्या भागात तीन तोंडे दिसली की दत्तच म्हणतात. ब्रह्मदेवालाही समोरून तीनच दिसतात, चौथे मागे. दाढी, हंस, हातात यज्ञाची पळी किंवा पोथी असेल तर तो ब्रह्मा. दत्ताचे ध्यान स्पष्ट आहे: सहा हात, खालच्या दोनांत माळ आणि कमंडलू, मधल्यांत डमरू आणि त्रिशूळ, वरच्यांत शंख आणि चक्र. म्हणजे ब्रह्मा, शिव, विष्णू अशा तीन जोड्या. बाजारात मिळणाऱ्या तसबिरींत या जोड्या सर्रास विस्कटलेल्या असतात.

मापे: एक चेहरा, नऊ चेहरे

मूर्तीचे माप फुटात किंवा इंचात नसते, ते तिच्याच अंगातून काढतात. कपाळावरच्या केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतची लांबी म्हणजे एक ताल. तालाचे १२ भाग, प्रत्येक भाग एक अंगुल. नवताल मूर्ती १०८ अंगुलांची. तिची विभागणी अशी: चेहरा १२, गळा ४, गळ्यापासून छातीच्या मध्यापर्यंत १२, तिथून बेंबीपर्यंत १२, बेंबीपासून जांघेपर्यंत १२, मांडी २४, गुडघा ४, पोटरी २४, पाऊल ४. बेरीज करून बघा, १०८ येतात. चेहऱ्याचेही तीन सारखे भाग: कपाळ ४, नाक ४, नाकाखालून हनुवटीपर्यंत ४.

समजा शिळेत मुकुट आणि पीठ सोडून मूर्तीसाठी २७ इंच मिळतात. २७ भागिले १०८, म्हणजे एक अंगुल पाव इंच. चेहरा ३ इंच, गळा १ इंच, मांडी ६ इंच. मूर्तिकार एकदा एवढे काढून दोरीवर किंवा पट्टीवर खुणा करून घेतो, मग पुन्हा हिशेब करत नाही. मुकुट या मापात धरायचा नाही, तो वेगळा. हौशी लोकांची मोजणी चुकते ती नेमकी इथे: मुकुटाच्या टोकापासून मोजतात आणि मूर्ती ‘अकरा ताल’ निघते.

मांडी घालून बसलेल्या मूर्तीत जांघेपर्यंतचे वरचे ५२ अंगुल तसेच ठेवतात, पाय तेवढे दुमडतात. दक्षिणी आगमांत, म्हणजे देऊळ-मूर्तींचे नियम सांगणाऱ्या ग्रंथांत, विष्णू, शिव, ब्रह्मा हे मोठे देव उत्तम दशतालात, म्हणजे १२४ अंगुलांचे, आणि देवी मध्यम दशतालात, १२० अंगुलांच्या. गणपती मात्र पाच तालांचा. डोके मोठे, पाय आखूड, पोट सुटलेले, हे व्यंगचित्र नाही, ते माप आहे. अलीकडे मंडळांच्या मोठ्या मूर्तींत गणपतीला पैलवानाची छाती आणि सपाट पोट देतात. उंची वाढते, रुबाब येतो, पण पाचाचे आठ ताल झाले की तो गणपती राहत नाही, हत्तीचा मुखवटा घातलेला माणूस होतो. शाडूत काम करणाऱ्याला याचा दुसरा फटकाही बसतो. बुटक्या, रुंद मूर्तीत वजन खाली राहते. लांब पाय आणि बारीक कंबर केली की वाळताना घोट्यापाशी तडा जातो, कारण वरचा भार पेलायला खाली मातीच नसते.

देवळातली मूर्ती मोजायची तर हात लावायची गरज नाही. बरोबर समोरून, मूर्तीच्या बेंबीच्या उंचीवर फोन धरून फोटो घ्या. खालून घेतला तर पाय लांब आणि डोके लहान येते, सगळी मोजणी वाया. छापील फोटोत चेहरा २ सेंटीमीटर आला आणि केसांच्या रेषेपासून तळपायापर्यंत १८ आले, तर मूर्ती नवताल.

छापखान्यातून आलेले देव

आज ‘लक्ष्मी’ म्हटले की कमळावर उभी, साडी नेसलेली, हातातून नाणी सांडणारी देवी डोळ्यांपुढे येते. हे रूप रूढ केले ते छापील चित्रांनी. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा छापखाना निघाला, १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, आणि देवांची रंगीत चित्रे स्वस्तात घरोघरी गेली. चित्र बघणारा प्रथमच देवाकडे माणसासारखा, चेहऱ्यावरून बघू लागला. त्या चित्रांची कारागिरी उत्तम आहे, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्यांच्यावरून जुनी मूर्ती ओळखायला गेलात तर फसाल. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातांत कमळ नाही, नाणी नाहीत. महाळुंग (लिंबाच्या जातीचे मोठे फळ), गदा, ढाल आणि पानपात्र आहे, मागे सिंह आहे. तसबिरीवरून शोधणारा तिला लक्ष्मी म्हणायला तयार होणार नाही.

वेशीबाहेरचे दगड

आपल्या खेड्यांत मारुतीच्या पारावर, वेशीजवळ कोरीव दगड ठेवलेले असतात. त्यातले बरेचसे देव नसतातच. उभ्या शिळेवर खालून वर तीन-चार कप्पे, खालच्यात ढाल-तलवारीची लढाई, मधल्यात अप्सरा वीराला वर नेताना, सगळ्यात वर तोच वीर लिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य: तो वीरगळ, लढाईत पडलेल्या माणसाचे स्मारक. नुसता कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरला असेल तर सतीशिळा. आडव्या पट्टीवर ओळीने बसलेल्या स्त्रिया, ज्यांना गावात सातीआसरा म्हणतात, त्या पुष्कळदा सप्तमातृका निघतात. पीठावरची वाहने मोजा: हंस असेल तर ब्रह्माणी, नंदी माहेश्वरी, मोर कौमारी, गरुड वैष्णवी, हत्ती इंद्राणी. वाराहीचे तोंडच वराहाचे असते, आणि हाडकुळी, प्रेतावर बसलेली ती चामुंडा. एका टोकाला बहुधा गणपती, दुसऱ्या टोकाला वीणा घेतलेला शिव किंवा वीरभद्र.

झिजलेल्या दगडावर काहीच दिसत नसेल तर दुपारी जाऊ नका. ऊन डोक्यावर असताना उठाव सपाट दिसतो. सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला जा, आणि विजेरी समोरून न धरता एका बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून धरा. पुसट कोरीव काम सावल्यांतून वर येते.

शेंदराचे जाड थर खरवडू नका. त्याखालचा दगड बहुधा आधीच भुगभुगीत झालेला असतो, आणि थरासोबत नाक-बोटे निघून येतात. तारेचा ब्रश, आम्ल, वाळूचा फवारा यांनी तर काळ्या पाषाणाचाही वरचा थर जातो आणि पुढच्या पावसाळ्यापासून झीज अधिक वेगाने सुरू होते. जीर्णोद्धारात मूर्तींना ऑइलपेंट लावण्याची हौसही तशीच घातक. रंग खोबणींत बसतो, आयुधांची धार बुजते, आणि शंख होता की फूल हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

विहीर खणताना किंवा नांगरताना मूर्ती सापडली तर ती धुऊ नका, उभी करून लगेच पूजा सुरू करू नका. आहे तिथेच, आहे त्या दिशेला ठेवून चारी बाजूंनी फोटो घ्या. एका फोटोत शेजारी पट्टी किंवा वीट ठेवा, म्हणजे माप कळेल. किती खोल सापडली, तोंड कुठल्या दिशेला होते, सोबत विटा, खापरे किंवा घडीव दगड होते का, हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि तहसील कार्यालयाला कळवा. पुराणवस्तू दडवून ठेवणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. आणि मूर्ती एकदा जागेवरून हलली की तिच्या हातांतली आयुधे वाचता येतात, पण ती तिथे का होती हे कुणालाच वाचता येत नाही.